स्टेंटची परीक्षा किती वर्षांची?

सप्टेंबर २००६ मध्ये बार्सिलोनात युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांचं वार्षिक अधिवेशन भरलं होतं. त्या वर्षी जागतिक हृदयरोग परिषदही त्याला जोडून घेतलेली. जिनिव्हाचे एदोआर्दो कामेन्झिंड तिथे बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांच्यापाशी नवा प्रयोग नव्हता, नवा शोधही नव्हता. आधी झालेल्या चाचण्यांचे आकडे त्यांनी फक्त एकत्र मांडले होते आणि हिशेब पहिल्या वर्षापाशी न थांबवता पुढे नेला होता. ‘सायफर’ हा तेव्हाचा सर्वांत गाजलेला औषधी स्टेंट. तो बसवलेल्यांपैकी ६.३ टक्के रुग्ण एक तर दगावले होते किंवा त्यांना हृदयविकाराचा मोठा झटका आला होता. औषध नसलेला साधा धातूचा स्टेंट बसवलेल्यांत हेच प्रमाण ३.९ टक्के होतं.

तोवर अमेरिकेत बसवल्या जाणाऱ्या दर दहा स्टेंटांपैकी जवळजवळ नऊ औषधी असत. साधा स्टेंट जुनाट ठरून अडगळीत गेला होता. आणि आता कोणी तरी सांगत होतं की नव्यापेक्षा जुनाच बरा असावा.

ही मांडणी पुढे बरीचशी खोडली गेली. पण तिने उभा केलेला प्रश्न खोडता आला नाही. रक्तवाहिनीत कायमची राहणारी वस्तू ‘सुरक्षित’ आहे असं कधी म्हणायचं? सहा महिन्यांनी, एका वर्षाने, की पाच वर्षांनी? स्टेंटचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास पाहिला तर घड्याळ जिथे थांबवावं तिथे निराळं उत्तर मिळत आलं आहे.

आपल्याकडे स्टेंटला अजूनही कित्येक घरांत ‘स्प्रिंग’ म्हणतात. ‘अण्णांना दोन स्प्रिंगा टाकल्या’ हे वाक्य ऐकलं नाही असं मराठी घर शोधावं लागेल. बॉलपेनातल्या स्प्रिंगेएवढी ती धातूची जाळी, हाताच्या किंवा जांघेच्या धमनीतून सरकवत हृदयाच्या वाहिनीपर्यंत न्यायची आणि फुग्याने फुगवून तिथेच सोडून द्यायची. पण या कथेत फुगा आधी आला, जाळी नंतर.

आंद्रेआस ग्रुंट्झिग हा जर्मन डॉक्टर झुरिकमधल्या आपल्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर फुग्याचे कॅथेटर बनवायचा. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्याने ३८ वर्षांच्या एका रुग्णाच्या हृदयवाहिनीतला अडथळा फुग्याने दाबून मोकळा केला. छाती न उघडता हे होऊ शकतं यावर विश्वास बसायला लोकांना वेळ लागला, पण एकदा बसल्यावर साथ पसरावी तशी ही पद्धत पसरली. दोन अडचणी मात्र सुटेनात. काहींची वाहिनी फुगा काढल्यावर काही तासांतच मिटायची आणि तातडीने बायपासला न्यावं लागायचं. उरलेल्यांपैकी ३०-४० टक्क्यांची वाहिनी सहा महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायची.

मग ती आतून धरून ठेवायला आधार द्यावा, ही कल्पना एकाच वेळी अनेकांना सुचली. अर्जेंटिनात शिकून अमेरिकेत स्थिरावलेल्या हुलिओ पाल्माझ यांनी १९७८ मध्ये ग्रुंट्झिगचं व्याख्यान ऐकलं आणि त्यांच्या डोक्यात हाच भुंगा शिरला. गॅरेजमध्ये पडलेला, गवंडी गिलाव्याखाली वापरतात तसा जाळीचा तुकडा पाहून त्यांना आपल्या जाळीचा आकार सापडला. सॅन अँटोनिओत त्यांना पैसा दिला तो कोणा औषध कंपनीने नव्हे, तर फिल रोमानो नावाच्या उपाहारगृहांच्या मालकाने. मात्र माणसाच्या हृदयवाहिनीत पहिला स्टेंट बसला तो युरोपात. १९८६ मध्ये तुलूझला झाक प्युएल यांनी आणि लोझानला उलरिक सिगवार्ट यांनी स्वतः उघडणारी ‘वॉलस्टेंट’ नावाची जाळी बसवली.

पहिली निरीक्षणं आशादायक होती. १९९१ मध्ये रोटरडॅमच्या पॅट्रिक सेरुइस यांनी १०५ रुग्णांचा नंतरचा हिशेब छापला आणि आशेवर पाणी पडलं. २४ टक्के रुग्णांत ती वाहिनी साफ बंद झालेली होती. धातू दिसला की रक्त गोठतं, हा शरीराचा धर्म. तो आवरायला रक्त पातळ करणारी जहाल औषधं द्यावी, तर रक्तस्राव थांबेना. त्या काळी स्टेंट बसवलेला रुग्ण आठवडाभर रुग्णालयात अडकून पडे.

तरीही १९९४ मध्ये निर्णायक पुरावा आला. युरोपातली ‘बेनेस्टेंट’ आणि अमेरिकेतली ‘स्ट्रेस’ अशा दोन चाचण्यांत कोणाला नुसता फुगा आणि कोणाला पाल्माझ-शाट्झ स्टेंट हे चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोडून ठरवलं होतं. वाहिनी पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण बेनेस्टेंटमध्ये ३२ वरून २२ टक्क्यांवर आलं, स्ट्रेसमध्ये ४२ वरून ३२ च्या आत. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, नियोजित उपचारांसाठी मान्यता दिली. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी. या चाचण्यांचा एक मुख्य निकष अँजिओग्राफीत दिसणारी वाहिनीची रुंदी हा होता. माणूस किती वर्षं जगला, हा त्या चाचण्यांचा प्रश्नच नव्हता. स्टेंटच्या मूल्यमापनाचा पाया असा मिलिमीटरमध्ये घातला गेला आणि पुढची कित्येक वर्षं सगळी इमारत त्यावरच चढली.

रक्त गोठण्यावरचा तोडगा मिलानच्या अंतोनिओ कोलोंबो यांच्या कॅथलॅबमधून आला. वाहिनीच्या आत अल्ट्रासाउंड घालून पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की कित्येक स्टेंट नीट उघडलेलेच नसतात, भिंतीपासून सुटे राहतात. जास्त दाबाने फुगा फुगवून जाळी भिंतीला चिकटवली आणि अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला टिक्लोपिडिन दिलं की जहाल औषधांची गरज उरत नाही, हे त्यांनी दाखवलं. १९९८ च्या ‘स्टार्स’ चाचणीत त्याची खात्री पटली: नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर ३.६ टक्के, अ‍ॅस्पिरिन आणि वॉरफरिनवर २.७, आणि अ‍ॅस्पिरिन अधिक टिक्लोपिडिनवर फक्त ०.५ टक्के रुग्णांना पहिल्या महिन्यात गुठळीचा त्रास. आज हृदयरोग्याच्या डबीत दिसणाऱ्या दोन गोळ्यांच्या जोडीची वंशावळ इथून निघते.

उरला प्रश्न आतल्या वाढीचा. जाळी टोचल्याची जखम भरताना वाहिनीच्या भिंतीतल्या पेशी गरजेपेक्षा जास्त वाढतात आणि जाळीच्या आतूनच मार्ग पुन्हा बुजतो. या वाढीला लगाम घालणारं औषध सापडलं पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटाच्या मातीत. १९६४ मध्ये कॅनडाच्या एका वैद्यकीय मोहिमेने तिथली माती आणली. माँट्रियलच्या आयर्स्ट कंपनीत सुरेंद्रनाथ सेहगल या शास्त्रज्ञाने त्या मातीतल्या जिवाणूपासून रॅपामायसिन वेगळं केलं. सेहगल मूळचे आता पाकिस्तानात असलेल्या खुशाबचे आणि बनारस हिंदू विद्यापीठाचे विद्यार्थी. कंपनीने माँट्रियलची प्रयोगशाळा बंद करून हा विषय गुंडाळला, तेव्हा सेहगलांनी त्या जिवाणूच्या कुप्या घरी नेऊन फ्रीजरमध्ये ठेवल्या. पुढे ते औषध सिरोलिमस या नावाने आधी मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी आणि नंतर स्टेंटवरच्या लेपासाठी कामी आलं.

डिसेंबर १९९९ मध्ये साओ पावलोच्या एदुआर्दो सोझा यांनी असा लेपाचा स्टेंट पहिल्यांदा बसवला. दोन वर्षांनी २३८ रुग्णांच्या ‘रॅव्हेल’ चाचणीचा निकाल जाहीर झाला. साध्या स्टेंटच्या गटात २६.६ टक्के रुग्णांची वाहिनी सहा महिन्यांत पुन्हा अरुंद झाली होती. लेपवाल्या गटात हा आकडा शून्य होता. वैद्यकशास्त्रात निखळ शून्य क्वचितच दिसतं, आणि दिसलं की शहाण्यांनी थोडं थांबावं. पण थांबलं कोणी नाही. एप्रिल २००३ मध्ये याच स्टेंटला, म्हणजे सायफरला, आणि पुढच्या मार्चमध्ये पॅक्लिटॅक्सेलचा लेप असलेल्या ‘टॅक्सस’ला अमेरिकेत मान्यता मिळाली.

धोक्याची पहिली सूचना मोठ्या चाचणीतून आलीच नाही. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या चार रुग्णांची हकिगत छापून आली. औषधी स्टेंट बसवून जवळजवळ वर्ष किंवा त्याहून जास्त काळ उलटलेला, ३३५ ते ४४२ दिवस. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बंद झाल्या आणि स्टेंटमध्ये अचानक गुठळी होऊन झटका आला. साध्या स्टेंटमध्ये असा धोका बहुधा पहिल्या महिन्यातच असे, पुढे माणूस निश्चिंत होई. इथे वर्ष उलटूनही जखम उघडीच असावी असा संशय होता.

त्या संशयाला पुरावा मिळाला सूक्ष्मदर्शकाखाली. अमेरिकेत मेरिलँड राज्यातल्या गेदर्सबर्ग इथे डॉ. रेणू विरमाणी यांची प्रयोगशाळा आहे. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात शिकलेल्या या विकृतिशास्त्रज्ञ बाई मृत रुग्णांच्या हृदयवाहिन्यांचे काप घेऊन स्टेंटभोवती काय घडलं ते पाहतात. २००६ मध्ये त्यांच्या गटाने जे दाखवलं ते साधं आणि अस्वस्थ करणारं होतं. साध्या स्टेंटवर सुमारे ९० टक्के भागावर वाहिनीचं नैसर्गिक अस्तर चढलेलं होतं. औषधी स्टेंटवर ते ५६ टक्क्यांच्या आसपासच होतं. पेशींची नको ती वाढ रोखणारं औषध हवी ती वाढही रोखत होतं. मार्ग मोकळा राहतो तो याच कारणाने, आणि गुठळी होते तीही याच कारणाने. त्याआधी २००४ मध्येच त्यांनी सायफर बसवलेल्या एका रुग्णात स्टेंटभोवती तीव्र अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया आढळल्याचं छापलं होतं. बार्सिलोनाच्या आकड्यांना असा जिवंत, नव्हे मृत, आधार आधीच तयार होता.

बार्सिलोनानंतर डिसेंबर २००६ मध्ये एफडीएने तज्ज्ञांची दोन दिवसांची बैठक बोलावली. तिथे एक विलक्षण अडचण समोर आली. कोणत्या घटनेला ‘स्टेंटमधली गुठळी’ म्हणायचं हेच चाचण्यांमध्ये एकसारखं नव्हतं. स्टेंट बसवलेला माणूस घरी झोपेतच गेला, शवविच्छेदन झालं नाही, तर तो मृत्यू कोणत्या खात्यावर लिहायचा? आणखी एक पळवाटही होती. वाहिनी पुन्हा अरुंद झाली म्हणून मधे दुसरा उपचार झाला की काही चाचण्या तो रुग्ण गुठळीच्या मोजणीतून वगळून टाकत. साध्या स्टेंटच्या रुग्णांवर असे उपचार जास्त होत, म्हणून त्यांच्या गुठळ्या कमी मोजल्या जात. म्हणजे हिशेबाची पद्धतही निकाल फिरवत होती, आणि ती कधी याच्या तर कधी त्याच्या बाजूने.

यातून शिक्षणसंस्था, कंपन्या आणि नियामक यांनी मिळून ठरवलेल्या ‘एआरसी’ व्याख्या आल्या. अँजिओग्राफीत किंवा शवविच्छेदनात दिसली तर ‘निश्चित’ गुठळी. स्टेंट बसवल्यापासून ३० दिवसांत कारण न कळता मृत्यू आला तर ‘संभाव्य’. त्यानंतर असाच कारण न कळता मृत्यू आला तर ‘शक्य’. वेळेचेही कप्पे ठरले: ३० दिवसांपर्यंत लवकरची, वर्षापर्यंत उशिराची, त्यापुढे अति उशिराची. ही वर्गवारी कंटाळवाणी वाटेल, पण स्टेंटच्या सुरक्षिततेच्या अभ्यासात तिच्याइतकं उपयोगी काम कमीच झालं आहे. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवता यायला लागले ते तिच्यामुळे.

नव्या व्याख्यांनी जुने आकडे पुन्हा मोजले. निष्कर्ष असा निघाला की पहिल्या पिढीच्या औषधी स्टेंटमध्ये वर्षानंतर गुठळीचा धोका थोडा जास्त होता हे खरं, पण त्यामुळे एकूण मृत्यू वाढले नव्हते. बर्न आणि रोटरडॅम इथल्या ८,१४६ रुग्णांच्या पाहणीत मात्र दरवर्षी ०.६ टक्के रुग्णांत उशिराची गुठळी होत राहिली होती, आणि हा क्रम थांबण्याचं चिन्ह दिसत नव्हतं. स्वीडनची गोष्ट तर आणखी बोलकी. तिथे देशात बसवलेल्या प्रत्येक स्टेंटची राष्ट्रीय नोंद होते. २००७ मध्ये त्या नोंदवहीतल्या जवळजवळ वीस हजार रुग्णांवरून दिसलं की सहा महिन्यांनंतर औषधी स्टेंटवाल्यांत मृत्यू जास्त आहेत. स्वीडिश डॉक्टरांनी हात आखडता घेतला. दोन वर्षांनी त्याच नोंदवहीत आणखी रुग्ण आणि आणखी काळ धरून पुन्हा हिशेब केला, आणि फरक नाहीसा झाला.

मग आली दुसरी पिढी. जाळीच्या तारा सायफरमध्ये १४० मायक्रॉन जाड होत्या, नव्या पिढीतल्या ‘झायन्स’मध्ये त्या ८१ वर आल्या. पोलादाऐवजी कोबाल्ट-क्रोमियम आलं, लेप शरीराला जास्त मानवणारा झाला. २०१२ मध्ये ४९ चाचण्यांमधल्या पन्नास हजारांहून जास्त रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात या स्टेंटमध्ये गुठळीचं प्रमाण चक्क साध्या स्टेंटपेक्षाही कमी निघालं. नॉर्वेत ९,०१३ रुग्णांवर सहा वर्षं चाललेल्या ‘नॉरस्टेंट’ चाचणीने या वादाला पूर्णविराम दिला असं म्हणायला हरकत नाही. नव्या औषधी स्टेंटच्या गटात गुठळ्या ०.८ टक्के, साध्यात १.२. पुन्हा उपचाराची गरज १६.५ विरुद्ध १९.८ टक्के. मृत्यू आणि झटके यांत फरक नाही, जगण्याच्या गुणवत्तेतही नाही. म्हणजे नवा स्टेंट चांगला खरा, पण चांगला कशात, तर पुन्हा कॅथलॅबमध्ये जावं लागू नये यात. आयुष्य वाढवण्यात नाही.

माणसापर्यंत पोचण्याआधीही स्टेंटला बऱ्याच कसोट्या पार कराव्या लागतात. हृदयाच्या दहा वर्षांच्या ठोक्यांइतक्या, म्हणजे सुमारे ४० कोटी वेळा जाळी आकुंचन-प्रसरण पावली तरी तुटता कामा नये. हे प्रयोगशाळेत वेग वाढवून तपासतात. फुगा काढल्यावर जाळी किती मागे येते, वाकड्या वाहिनीतून जाताना लेपाचे कपचे उडतात का, औषध कोणत्या दिवशी किती सुटतं, एमआरआयमध्ये धातू तापतो का, या सगळ्याचं मोजमाप होतं. त्यानंतर डुकराच्या हृदयवाहिन्या. त्यांचा आकार माणसाच्या जवळचा. पण ज्यांच्यावर प्रयोग होतो ती डुकरं तरणी आणि निरोगी असतात, त्यांच्या वाहिन्यांत चरबीचे जुने थर नसतात, आणि त्यांची जखम माणसाच्या कित्येक पट वेगाने भरते. डुकराचे २८ दिवस म्हणजे माणसाचे साधारण सहा महिने, असं मानतात. सायफरच्या उशिराच्या गुठळ्या डुकरांनी आधी सांगितल्या नाहीत, यात त्यामुळे नवल नाही.

सगळ्यात महागडा धडा मात्र विरघळणाऱ्या स्टेंटने दिला. कल्पना इतकी मोहक की तिच्यावर कोणीही भाळावं: जाळीने काम करावं आणि दोन-तीन वर्षांत विरघळून जावं, मागे धातू नाही, गोळ्यांची कटकट नाही. अ‍ॅबट कंपनीचा ‘अ‍ॅब्झॉर्ब’ असा होता, आणि भारतात तो अमेरिकेच्या बरीच वर्षं आधी, २०१२ च्या अखेरीस आला. ज्याला परवडतं त्याने हाच घ्यावा, असा तो काळ. २,००८ रुग्णांच्या चाचणीत एका वर्षाने अपयशाचं प्रमाण अ‍ॅब्झॉर्बमध्ये ७.८ टक्के आणि झायन्समध्ये ६.१ निघालं. आकडा नव्याच्या विरोधात होता, पण ठरवलेल्या मर्यादेत होता. म्हणून जुलै २०१६ मध्ये एफडीएने मान्यता दिली. दुसऱ्या वर्षाअखेर तेच आकडे ११ आणि ७.९ झाले. मार्च २०१७ मध्ये एफडीएने डॉक्टरांना सावध करणारं पत्र काढलं, सप्टेंबरमध्ये कंपनीने विक्री थांबवली. नंतर पाहता कारण उघड वाटतं. बहुवारिकाची तार धातूइतकी मजबूत हवी तर जाड करावी लागते, अ‍ॅब्झॉर्बच्या तारा १५० मायक्रॉनच्या वर होत्या. आणि विरघळता विरघळता तिचे तुकडे वाहत्या रक्तात डोकावतात.

‘ठरवलेल्या मर्यादेत’ या शब्दांपाशी जरा थांबायला हवं. नव्या स्टेंटने जुन्याहून सरस असण्याची अपेक्षा आता कोणी करत नाही. तो अमुक टक्क्यांपेक्षा जास्त वाईट नाही एवढं दाखवलं की पुरे. ती मर्यादा आधीच ठरवायची असते आणि ती किती सैल ठेवायची यात बरंच राजकारण असतं. शिवाय आजचा विजेता उद्याच्या चाचणीत तुलनेला उभा राहतो. दर वेळी थोडं थोडं वाईट चालवून घेतलं, तर चार पिढ्यांनी आपण कुठे असू, हा प्रश्न संख्याशास्त्रज्ञ वारंवार विचारतात.

भारतातली एक चाचणी या संदर्भात अभिमानाने सांगावी अशी आहे. डॉ. उपेंद्र कौल यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या ४६ केंद्रांवर मधुमेह असलेल्या १,८३० रुग्णांवर ‘टक्सिडो’ चाचणी झाली. मधुमेह्यांना पॅक्लिटॅक्सेलचा जुना स्टेंट एव्हरोलिमस या औषधाचा लेप असलेल्या नव्या स्टेंटइतकाच चालतो, असा एक समज रूढ होता. २०१५ च्या निकालाने तो मोडला. वर्षभरात जुन्या स्टेंटचं अपयश ५.६ टक्के, नव्याचं २.९. गुठळ्या २.१ विरुद्ध ०.४. मधुमेही रुग्णांची आपल्याकडे वाण नाही. त्यांचा प्रश्न इथेच विचारला गेला आणि इथेच सुटला, हे विशेष.

पण त्याच देशात २००५ पर्यंत स्टेंट विकायला औषधासारखा परवाना लागत नव्हता. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वापरलेल्या स्टेंटच्या मान्यतेवरून वाद उठला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, आणि ऑक्टोबर २००५ मध्ये केंद्राने स्टेंटसह काही उपकरणं औषध कायद्याखाली आणली. स्वतंत्र वैद्यकीय उपकरण नियम लागू झाले ते २०१८ च्या पहिल्या जानेवारीला. त्यात स्टेंट सर्वाधिक जोखमीच्या ‘ड’ वर्गात आहे.

दरम्यान देशी स्टेंट उभे राहत होते. नव्वदच्या दशकात डॉ. अब्दुल कलाम आणि हैदराबादचे डॉ. सोमा राजू यांनी मिळून स्वस्त स्टेंट बनवला, त्याचं कौतुक बरंच झालं. बाजारात पाय रोवले ते मात्र गुजरातेतल्या कंपन्यांनी. सुरतेच्या सहजानंद समूहाची सुरुवात हिरे कापायच्या लेझर यंत्रांपासून झालेली. सूक्ष्म नळीतून जाळी कापायलाही लेझरच लागतो. त्यांच्या ६० मायक्रॉन तारांच्या ‘सुप्राफ्लेक्स’ची तुलना झायन्सशी झाली, तीही युरोपातल्या सात देशांत, १,४३५ रुग्णांवर. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ने निकाल छापला: वर्षाअखेर अपयश ४.९ विरुद्ध ५.३ टक्के.

हा निकाल यायच्या दोन वर्षं आधी किमतींचा धुरळा उडून गेला होता. वकील बीरेंदर सांगवान यांनी दिल्ली उच्च न्यायालयात लावून धरलेल्या याचिकेनंतर जुलै २०१६ मध्ये स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कमाल दर ठरवले. साधा ७,२६० रुपये, औषधी २९,६००. त्याआधी औषधी स्टेंटचं बिल लाखाच्या पुढे जाणं नेहमीचं होतं, आणि प्राधिकरणाने प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत काही रुग्णालयांचा नफा सहाशे टक्क्यांच्या वर दिसत होता. परदेशी कंपन्यांनी आपल्या नव्या स्टेंटना वेगळा, चढा दर मागितला. प्राधिकरणाने तो नाकारला. नवा जुन्याहून सरस असल्याचा पुरेसा वैद्यकीय पुरावा दाखवा, असं म्हणणं होतं. ज्या चाचण्या ‘वाईट नाही’ एवढंच सिद्ध करायला आखल्या होत्या, त्यांच्या जोरावर जास्त पैसे मागणं अवघड झालं. अतिदक्षता विभागाबाहेर नातेवाइकांना ‘इम्पोर्टेड टाकायचा की इंडियन?’ असं विचारणाऱ्यांनीही हे वाचायला हवं होतं.

इतका वेळ चर्चा एका स्टेंटची दुसऱ्याशी चालली होती. स्टेंट मुळात हवाच का, हा प्रश्न निराळा, आणि जास्त अडचणीचा.

झटका येऊन वाहिनी पूर्ण बंद झाली असेल तेव्हा वाद नाही. तेव्हा मिनिटं मोजायची असतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आणि तातडीची अँजिओप्लास्टी यांची तुलना करणाऱ्या २३ चाचण्यांच्या २००३ मधल्या एकत्रित हिशेबात मृत्यू ९ वरून ७ टक्क्यांवर आले होते. पण ज्याला फक्त जिना चढताना छातीत भरून येतं, किंवा तेवढंही नाही, नुसत्या तपासणीत ‘ऐंशी टक्के ब्लॉक’ निघाला, त्याचं काय? २००७ च्या ‘करेज’ चाचणीत अशा २,२८७ रुग्णांत औषधांच्या जोडीला अँजिओप्लास्टी केल्याने मृत्यू किंवा झटके कमी झाले नाहीत: १९ विरुद्ध १८.५ टक्के. आक्षेप आला की स्टेंट जुने होते, रुग्ण सौम्य आजाराचे होते. मग ३७ देशांत ५,१७९ रुग्णांवर ‘इस्केमिया’ चाचणी झाली, भारतातल्या रुग्णांसह. २०२० मध्ये निकाल लागला. स्टेंट-बायपासच्या गटात १४५ मृत्यू, औषधांच्या गटात १४४. छातीतलं दुखणं मात्र पहिल्या गटाचं जास्त कमी झालं.

पण दुखणं कमी झालं ते स्टेंटने, की स्टेंट बसल्याच्या समाधानाने? शल्यक्रियेसारख्या उपचाराला खोटी गोळी कशी द्यायची? लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या रशा अल-लमी यांनी ते करून दाखवलं. ‘ऑर्बिटा’ चाचणीतल्या प्रत्येक रुग्णाला कॅथलॅबच्या टेबलावर घेतलं, गुंगी दिली, कानाला हेडफोन लावून संगीत चालू ठेवलं. १०५ जणांना स्टेंट बसवला, ९५ जणांना काहीच नाही. वॉर्डातल्या डॉक्टरांनाही कळू दिलं नाही. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर चालण्याचा वेळ स्टेंटवाल्यांचा २८ सेकंदांनी वाढला, बाकीच्यांचा जवळजवळ १२ ने. संख्याशास्त्राच्या कसाला हा फरक उतरला नाही. २०१७ मध्ये हे छापून आल्यावर अल-लमी यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. टीकाकारांचा एक मुद्दा रास्त होता: हे रुग्ण आधीच भरपूर औषधांवर होते, त्यामुळे स्टेंटला दाखवण्याजोगं फार उरलं नव्हतं.

उत्तर म्हणून त्यांनी दुसरी चाचणी केली. या वेळी ३०१ रुग्णांची छातीदुखीची औषधं बंद करून, आणि रोज मोबाइलवर त्रास नोंदवायला लावून. २०२३ मध्ये निकाल आला, आणि स्टेंटच्या बाजूने आला. त्रास कमी, चालण्याचा वेळ जवळजवळ एका मिनिटाने जास्त. बारा आठवड्यांनी स्टेंटवाल्यांपैकी सुमारे ४० टक्के पूर्णपणे दुखण्यातून मोकळे होते, खोट्या उपचाराच्या गटात १५ टक्के. म्हणजे स्टेंटचा गुण खरा आहे. आणि तरीही वाहिनी उत्तम मोकळी झालेल्या दहापैकी सहा जणांना छातीत दुखतच होतं. ‘ब्लॉक काढला की दुखणं संपलं’ हे समीकरण कॅथलॅबच्या पडद्यावर दिसतं तितकं सरळ नाही.

राहिला प्रश्न बसवलेल्या स्टेंटवर पुढे नजर कोण ठेवतं याचा. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी होते, अनेक जिल्ह्यांत कॅथलॅब झाल्या आहेत. २०१७ च्या किंमत आदेशाने रुग्णालयांवर आणखी एक बंधन घातलं, त्याची चर्चा दरांइतकी झाली नाही. बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवायची आणि सोबत ब्रँडचं नाव, उत्पादक किंवा आयातदार आणि बॅच क्रमांक लिहायचा. उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद घेण्यासाठी २०१५ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे राष्ट्रीय कार्यक्रमही आहे. पण एखाद्या बॅचचा स्टेंट बसवलेला बीडचा शेतकरी तिसऱ्या वर्षी गावातच गेला, तर तो मृत्यू आणि बिलावरचा तो क्रमांक एकमेकांशी जोडण्याचं काम स्वीडनच्या नोंदवहीत आपोआप होतं. इथे डॉक्टरने स्वतःहून अर्ज भरून कळवलं, तरच.